लग्नानंतर बडोद्याहून जर्मनीला: नवदांपत्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

बडोद्याच्या मराठी घरांना परदेश नवा नाही. सयाजीराव महाराजांच्या संस्थानाने १९१३ साली भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कला शिकायला पाठवले होते. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या घरांतून आज जी मुले-मुली जातात, ती मात्र बहुधा लग्नाची हळद उतरण्याआधीच निघालेली असतात. बहुतेक वेळा नवरा आधीपासून तिकडे नोकरीला असतो आणि बायको मागाहून जाते. क्वचित उलटही घडते आणि नियम दोघांना सारखेच लागू होतात. पुढील उत्तरे फक्त जर्मनीपुरती आहेत. मागाहून जाणाऱ्या जोडीदाराच्या बाजूने ती मुद्दाम लिहिली आहेत, कारण जो आधी पोहोचला आहे त्याला यातले बरेचसे ठाऊक असते आणि आपल्याला ते ठाऊक आहे हेच त्याच्या लक्षात येत नाही.

स्थळ जर्मनीचे आहे. लग्न ठरवण्यापूर्वी मुलाची कोणती माहिती मागावी?

पगाराचा आकडा सगळेच विचारतात, पण त्यापेक्षा तीन कागद अधिक उपयोगाचे आहेत: राहण्याच्या परवान्याची प्रत, नोकरीचा करार आणि त्याच्या शहराच्या नागरिक कार्यालयाने दिलेला विस्तारित निवास दाखला. या दाखल्यात पत्त्याबरोबर वैवाहिक स्थितीचीही नोंद असते. अविवाहित आहे, विवाहित आहे की घटस्फोटित, हे त्यातून समजते आणि तो मिळवायला मुलाला अल्पसे शुल्क व थोडा वेळ याखेरीज काही लागत नाही. असा दाखला मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे होय, असे पुष्कळ वधूपित्यांना वाटते. माझे मत वेगळे आहे. आपण पत्रिका मागतो, पगारपत्रक मागतो, मग हा दाखला मागायला संकोच कशाला? राहण्याचा परवाना कोणत्या प्रकारचा आहे, हेही याच वेळी विचारून घ्यावे, कारण बायकोला भाषेची परीक्षा द्यावी लागेल की नाही हे त्यावरच ठरते.

लग्नाची नोंदणी कुठे करावी आणि त्या दाखल्यावर अपोस्टिल लागते का?

गुजरातमध्ये २००६ च्या विवाह नोंदणी कायद्यानुसार प्रत्येक लग्नाची नोंद व्हावी लागते. बडोद्यात लागलेल्या लग्नाची नोंद महानगरपालिकेकडे होते. लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही, साक्षीदार, लग्नाचे छायाचित्र, पत्रिका आणि दोघांच्या वयाचे व पत्त्याचे पुरावे आधीच एका फायलीत लावून ठेवले, तर लग्नानंतरच्या आठवड्यात पाहुण्यांच्या गर्दीतही हे काम उरकता येते.

अपोस्टिल म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात खरा धरला जावा म्हणून त्यावर मिळणारा शिक्का. त्याबद्दल मोठा गैरसमज आहे. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, तरी भारताच्या समावेशावर जर्मनीने आक्षेप घेतलेला असल्यामुळे या दोन देशांमध्ये ती व्यवस्था चालत नाही. एजंट मात्र विचारल्याबरोबर अपोस्टिलचे पैसे सांगून मोकळे होतात. जर्मन वकिलातीला आवश्यक वाटल्यास ती दाखल्याची पडताळणी स्वतःच्या पद्धतीने करते आणि तिला काही महिनेही लागू शकतात. गुजरातचे काम मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे येते. दाखला गुजरातीत असेल तर त्याचे जर्मन भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडूनच करून घ्यावे.

लग्नानंतर नाव आणि आडनाव बदलावे का?

पासपोर्टसाठी तसे बंधन नाही. आपल्याकडे मुलीच्या नावात मधले नाव वडिलांचे आणि लग्नानंतर नवऱ्याचे, अशी रीत आहे. जर्मन कार्यालय पासपोर्टावरच्या ‘दिलेले नाव’ या रकान्यात जे छापलेले असेल ते सगळे मिळून मुलीचे पहिले नाव समजते आणि विमा कार्डापासून बँकेपर्यंत तेच उमटते. विवाह दाखल्यावर एक नाव, पदवीवर दुसरे आणि पासपोर्टावर तिसरे असे झाले, की प्रत्येक खिडकीवर खुलासा करत बसावे लागते. बदलायचेच असेल तर व्हिसाच्या अर्जापूर्वी सगळीकडे बदलावे, नाहीतर मुळीच बदलू नये. सासूबाईंच्या हौसेसाठी तांदळात लिहिलेले नाव घरात खुशाल वापरावे, पासपोर्टात ते नेण्याची गरज नाही.

जाण्यापूर्वी जर्मन शिकणे सक्तीचे आहे का?

सर्वसाधारण नियम असा की जोडीदाराच्या व्हिसासाठी जर्मनच्या ए-१ म्हणजे अगदी पहिल्या पातळीचे प्रमाणपत्र लागते. नवऱ्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा राहण्याचा परवाना, असेल तर ही अट लागू होत नाही, आणि इतर काही परवान्यांनाही सूट आहे. सूट असली तरी शिकूनच जावे, असा माझा आग्रह आहे. सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेत जर्मन शिकवले जाते, आणि अहमदाबादला गोएथे केंद्र आहे. व्हिसाची वाट पाहण्यात जाणारे तीन-चार महिने हाच तर शिकण्याचा काळ. एकदा तिकडे घर मांडायला घेतले, की पहिल्या धड्याला हात लागायला वर्ष उलटते.

आई विचारते आहे: दागिने, साड्या, आहेराची भांडी आणि दुधाचे पेढे यांतले काय नेता येईल?

पेढ्यांचे उत्तर सरळ नाही असे आहे. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाला सोबत नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, श्रीखंड, घरचे कढवलेले तूप हे सगळे त्यात आले, आणि विमानतळावर ते काढून घेतले जाते. लीलो चिवडा आणि भाकरवडी यांना अडचण नाही. कढीपत्त्यासारख्या ताज्या पाल्याला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, म्हणून तो वाळवून न्यावा असे काही जण सुचवतात, पण वाळल्यावर त्याची चव किती राहते हे ज्याचे त्याने ठरवावे. नारळ मात्र चालतो, त्यामुळे ओटीतला नारळ काढून ठेवायला नको.

आहेराबाबत एक सवलत फारशी कोणाला माहीत नसते. लग्नामुळे युरोपीय संघात राहायला जाणाऱ्या व्यक्तीला, ती त्यापूर्वी किमान १२ महिने संघाबाहेर राहत असेल तर, संसाराचे सामान आणि लग्नाच्या भेटी सीमाशुल्काशिवाय नेता येतात. भेटीची किंमत प्रत्येकी १००० युरोपर्यंत असावी आणि सामान लग्नाच्या तारखेआधी दोन महिन्यांपासून नंतर चार महिन्यांपर्यंतच्या काळात पोहोचावे, अशी अट आहे. व्हिसाला उशीर झाला तर हे चार महिने हातचे निघून जातात. मग दुसरा नियम उरतो: किमान सहा महिने स्वतःच्या वापरात असलेले घरगुती सामान राहण्याची जागा बदलताना शुल्काविना नेता येते. कोरी करकरीत भांडी त्यात बसत नाहीत.

दागिन्यांबद्दल स्पष्टच सांगते. रोजच्या वापराचे आणि सणाला घालायचे एक-दोन नग न्यावेत. निघताना भारतीय विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून त्यांचा निर्यात दाखला घ्यावा, म्हणजे परत येताना ‘हे तिकडे घेतले का’ हा प्रश्न उरत नाही. बाकीचे बडोद्यातच, मुलीच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवावे. स्त्रीधन ही स्त्रीची स्वतःची संपत्ती आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच स्पष्ट केले आहे. म्हणून लॉकरची किल्ली कोणत्या घरी राहावी, हा वाद निघूच नये.

भाड्याचे घर पाहिले, पण त्यात स्वयंपाकघरच नाही. हे खरे असू शकते का?

असू शकते, आणि नवऱ्याने व्हिडिओवर घर दाखवले की पहिला धक्का बहुधा इथेच बसतो. एका कोऱ्या खोलीत भिंतीतून नळाची दोन टोके आणि शेगडीची वायर बाहेर आलेली असते, आणि ओटा, कपाटे, सिंक यांतले काहीही नसते. जर्मनीत पुष्कळ भाडेकरू स्वतःचे स्वयंपाकघर बसवतात आणि जाताना काढून नेतात किंवा पुढच्या भाडेकरूला विकतात. जाहिरातीत ‘ईबीके’ ही अक्षरे असतील तर ओटा-कपाटे घरात आहेत असे समजावे. नव्या जोडप्याने थोडे अधिक भाडे पडले तरी असेच घर घ्यावे, कारण सुटे स्वयंपाकघर बसवण्याचा खर्च आणि सुतार-प्लंबरची प्रतीक्षा हे दोन्ही जीव काढतात.

भाड्याचे दोन आकडे सांगितले जातात. ‘थंड भाडे’ हे फक्त जागेचे असते आणि ‘उबदार भाडे’ यात तापवणी, पाणी, जिन्याची स्वच्छता इत्यादी खर्च येतात. वीज बहुधा दोन्हीत नसते. अनामत रक्कम थंड भाड्याच्या तिपटीपेक्षा अधिक मागता येत नाही आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. घर प्रत्यक्ष पाहण्यापूर्वी पैसे मागणारा मालक कितीही सज्जन वाटला, तरी त्याला एक छदामही देऊ नये.

पोहोचल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत काय करावे?

घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नागरिक कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात आणि पुढची जवळजवळ सगळी कामे तिच्यावर अवलंबून असतात. तिच्यासाठी घरमालकाच्या सहीचे निवास प्रमाणपत्र लागते. नवरा आधीपासून त्या घरात राहत असेल तर बायको राहायला येणार असल्याचे मालकाला आधी कळवावे. पती-पत्नीने एकत्र राहण्याला मालक सहसा मनाई करू शकत नाही, पण त्याला कळवणे आवश्यक आहे. कार्यालयाची वेळ मिळायला मोठ्या शहरांत काही आठवडे लागतात, म्हणून ती विमानाचे तिकीट काढल्याबरोबर घेऊन ठेवावी.

आणखी एक काम पाच मिनिटांचे आहे, पण ते राहून जाते आणि महागात पडते. दाराच्या घंटीवर आणि टपालपेटीवर बायकोचे आडनाव, नवऱ्यापेक्षा वेगळे असल्यास वेगळे, लावून घ्यावे. जर्मनीत कर क्रमांक, विमा कार्ड, बँकेचा गुप्त क्रमांक आणि परदेशी नागरिक कार्यालयाचे पत्र हे सगळे टपालाने येते, आणि पेटीवर नाव नसेल तर टपालवाला घराचा क्रमांक बरोबर असूनही पत्र परत नेतो. ‘माझे कार्ड दोन महिने झाले आलेच नाही’ असा निरोप आला, की मी आधी पेटीवरच्या पट्टीबद्दल विचारते. बहुतेकदा तिच्यावर एकट्या नवऱ्याचेच आडनाव असते.

मला नोकरी नाही. मग आरोग्य विमा, कर आणि बँक खाते यांचे काय?

नवरा सरकारी स्वरूपाच्या आरोग्य विम्यात असेल तर कमाई नसलेल्या बायकोचा विमा त्याच्याच विम्यातून, वेगळा हप्ता न भरता होतो. तो खाजगी विम्यात असेल तर ही सोय नाही आणि बायकोचा हप्ता वेगळा पडतो. म्हणून लग्न ठरलेल्या मुलाने थोड्या बचतीसाठी खाजगी विम्यात जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

पगारातून दरमहा किती कर कापायचा हे कर वर्गावरून ठरते, आणि विवाहितांना आपोआप चौथा वर्ग लागतो. अर्ज केल्यास एकाला तिसरा आणि दुसऱ्याला पाचवा वर्ग मिळतो, आणि मग जास्त कमावणाऱ्याच्या हाती दरमहा अधिक पैसे येतात. बायको अजून भारतातच असेल तर मात्र नवऱ्याला बहुधा पहिल्याच वर्गात राहावे लागते. वर्षअखेरचा एकूण कर वर्गावरून ठरत नाही, दरमहा कापला जाणारा कर फक्त बदलतो. पुढे बायको नोकरीला लागली की पाचव्या वर्गामुळे तिचा पगार हातात फारच कमी येतो आणि ‘एवढ्यासाठी कशाला राबायचे’ असे घरात बोलले जाते. तेव्हा वर्ग बदलून घ्यावा, नोकरी सोडू नये.

बँक खाते मात्र पहिल्या महिन्यातच आपल्या नावाचे उघडावे, संयुक्त खाते असले तरी.

दिवसभर घरात एकटी असते. सगळे म्हणतात सवय होईल. खरेच होते का?

आपोआप होत नाही. बडोद्यात दाराची कडी वाजत असते, दूधवाला येतो, शेजारच्या बा वाटी घेऊन येतात, आणि तिकडे नवरा सकाळी साडेसातला गेला की संध्याकाळपर्यंत जिन्यात कोणाचे पाऊलही वाजत नाही. डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो. रविवारी दुकाने बंद असतात. लग्न होऊन काहीच महिने झालेले असल्यामुळे नवऱ्याशीही अजून पुरती ओळख झालेली नसते. अशा वेळी जे रडू येते त्याला स्वभावाचा दोष समजू नये. घरच्यांनीही ‘एवढे चांगले स्थळ मिळाले, आता काय हवे’ असे म्हणू नये.

यावर जे उपाय लागू पडलेले पाहिले त्यांत भाषेचा वर्ग सर्वांत वर आहे. जोडीदार म्हणून प्रथमच दीर्घ मुदतीचा परवाना मिळालेल्यांनी परदेशी नागरिक कार्यालयात एकात्मता वर्गाविषयी विचारावे. सर्वसाधारण वर्गात ६०० तास भाषेचे आणि १०० तास देशाच्या ओळखीचे असतात. तो मिळण्यासारखा नसेल तर जवळजवळ प्रत्येक शहरात फोल्क्सहोखशूले म्हणजे लोकशिक्षण संस्था असते आणि तिथले शुल्क खाजगी शिकवणीपेक्षा कमी असते. भाषा तर येतेच, पण सकाळी नऊ वाजता तयार होऊन कुठेतरी जायचे आहे, हीच गोष्ट अधिक मोलाची ठरते. वर्गातल्या तुर्की, युक्रेनी, ब्राझिली मुलीही आपल्यासारख्याच अडखळत बोलत असतात, त्यामुळे चुकण्याची लाज वाटत नाही.

नोकरीची वाट बंद नसते. जोडीदाराच्या परवान्यावर कोणतीही नोकरी करण्याची मुभा पहिल्या दिवसापासून असते, आणि अनेकांना हे ठाऊकच नसते. आपली पदवी तिकडे कशी धरली जाते हे ‘अनाबिन’ या सरकारी सूचीत पाहता येते. संगणक, हिशेब, संशोधन अशा क्षेत्रांत पदवी मान्य करून घेण्याचा सोपस्कार बहुधा लागत नाही. परिचारिका, औषधनिर्माता, डॉक्टर, शाळेतील शिक्षिका यांना मात्र तो पार पाडावाच लागतो आणि त्याला वर्षे लागू शकतात. गुणपत्रिका, अभ्यासक्रमाचा तपशील आणि अनुभवाचे दाखले बडोद्यातून निघतानाच घेऊन जावेत. नंतर विद्यापीठाच्या खिडकीवर वडिलांना खेटे घालावे लागतात.

मराठी मंडळे म्युनिक, फ्रँकफर्ट, बर्लिन, स्टुटगार्ट अशा शहरांत आहेत. जावे, पण दर शनिवारी फक्त तिथेच जाऊ नये.

पहिली मंगळागौर, दिवाळसण आणि संक्रांत कशी करावी?

पहिल्या वर्षाचे सण एकामागून एक येतात आणि प्रत्येकासाठी भारतात येणे शक्य नसते. श्रावण ऑगस्टच्या सुमारास येतो, तेव्हा तिकडे शाळांना सुटी असते आणि विमानभाडे सर्वाधिक असते. दोन्ही घरांनी मिळून वर्षाला एकच येणे ठरवावे आणि ते कोणत्या सणाला, हे लग्नाच्या बैठकीतच बोलून घ्यावे. बडोद्याची मुलगी असेल तर नवरात्राकडे तिचा ओढा असणार, हे पुण्या-मुंबईच्या सासरने समजून घ्यावे.

हलव्याचे दागिने टपालाने पाठवता येतात. खाजगी भेटीचे पार्सल ४५ युरोच्या आत असेल तर शुल्क लागत नाही. आतल्या वस्तूंची यादी खरी लिहावी आणि दुधाचे काही घालू नये. फोनच्या वेळेचेही भान ठेवावे. हिवाळ्यात जर्मनी साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते. आईच्या सकाळच्या आठच्या चहाला मुलीकडे पहाटेचे साडेतीन किंवा साडेचार वाजलेले असतात.

स्वयंपाकाच्या वासावरून शेजारी तक्रार करतील का?

क्वचित करतात. अधिक त्रास ओलाव्याचा होतो. बंद खिडक्यांत रोज भात, वरण आणि कुकरची वाफ साचली की थंड भिंतीवर बुरशी धरते आणि घर सोडताना अनामतीतून पैसे कापले जातात. कितीही थंडी असली तरी दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटे सगळ्या खिडक्या सताड उघडाव्यात. फोडणी देताना स्वयंपाकघराचे दार लावून घ्यावे, कारण बोळातला धूर-इशारा मोहरीच्या धुरालाही वाजतो.

तिकडचा विजेचा दाब आपल्यासारखाच, २३० व्होल्ट असल्यामुळे आपला मिक्सर चालतो, फक्त पिनेला जोड लागतो. कुकर मात्र तळ सपाट असलेला आणि इंडक्शनवर चालणारा घ्यावा. हिरवी मिरची, कोथिंबीर आणि भेंडी तुर्की दुकानात मिळते. श्रीखंडासाठी दही विरजायला नको, कारण ‘क्वार्क’ नावाचा दुधाचा पदार्थ कोणत्याही दुकानात असतो आणि तो रात्रभर फडक्यात टांगला की काम होते. तूप बिनमिठाच्या लोण्याचे कढवावे.

नवऱ्याशी पटले नाही तर मला देश सोडावा लागेल का?

हा प्रश्न फार थोड्या जणी उघड विचारतात, म्हणून उत्तर नीट देते. जर्मनीत तीन वर्षे वैवाहिक सहजीवन झाल्यावर जोडीदाराला स्वतंत्रपणे राहण्याचा हक्क मिळू शकतो. घरात हिंसा किंवा तसाच गंभीर त्रास असेल तर तीन वर्षे पूर्ण होण्याची अट शिथिल करता येते. म्हणून केवळ परवान्याच्या भीतीने मार खात राहण्याचे कारण नाही. ११६ ०१६ या क्रमांकावर स्त्रियांसाठी दिवसरात्र मोफत मदत मिळते आणि ती अनेक भाषांत असते. जीवावर बेतले तर पोलिसांचा क्रमांक ११० आहे. भारतीय दूतावास बर्लिनला आणि वाणिज्य दूतावास फ्रँकफर्ट, म्युनिक व हॅम्बुर्गला आहेत. भारतात असताना नवऱ्याने सोडून दिले, तर राष्ट्रीय महिला आयोगाच्या अनिवासी भारतीय कक्षाकडे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर तक्रार करता येते.

पासपोर्ट, राहण्याचे कार्ड आणि विवाह दाखला स्वतःजवळ ठेवावा आणि त्यांच्या प्रती माहेरी पाठवून द्याव्यात. संबंध उत्तम असले तरीही.

दरमहा १८.३६ युरो भरा, असे पत्र आले आहे. ही फसवणूक आहे का?

नाही. हे सार्वजनिक रेडिओ-दूरचित्रवाणीचे शुल्क आहे, घरात टीव्ही नसला तरी द्यावे लागते. ते घरामागे एकदाच असते, त्यामुळे नवरा आधीपासून भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवावा.

भारतीय वाहन परवाना चालेल का?

राहायला गेल्यापासून सहा महिने चालतो. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, आणि खर्च मोठा असतो. बडोद्यात दहा वर्षे गाडी चालवली असली तरी तिकडच्या डाव्या बाजूच्या स्टिअरिंगची आणि उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य देण्याच्या नियमाची शिकवणी घ्यावीच लागते.

बडोद्यातले माझे बचत खाते तसेच ठेवता येईल का?

नाही. अनिवासी झाल्यावर ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या पैशांसाठीच्या, खात्यात बदलून घ्यावे लागते, आणि हे बँकेला आपण होऊन कळवायचे असते. शाखा ओळखीची असेल तर निघण्यापूर्वीच अर्ज भरून ठेवावा, कारण नंतर सहीच्या नमुन्यासाठी मूळ कागद टपालाने मागवले जातात.